प्रश्न क्रमांक बारा

चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, तीन आठवडे होते. पाऊस असा लागला होता की देवळाच्या सभामंडपात कितीही आत सरकून बसलं तरी पाठीवर शिंतोडे येत होते. कॉलेजच्या बसमधून आम्ही अकरा जण त्या गावात आलो होतो: दोन फादर, एक सिस्टर, सात विद्यार्थी आणि मी. फादरांचे बूट पायरीखाली आमच्या चपलांशेजारी भिजत पडले होते. ओले मोजे, समईतलं तेल आणि बायकांच्या पिशव्यांतून डोकावणारी हळदीची पानं, या सगळ्या वासांचा काला झाला होता. गावातल्या तीसेक बायका प्लास्टिकच्या खुर्च्यांवर अंग चोरून बसल्या होत्या आणि प्रत्येकीच्या हातात बावीस प्रश्नांचा फॉर्म होता. फॉर्म मूळ इंग्रजीत, मराठी माझं. बारावा प्रश्न असा होता: ‘आपल्या परिसरातील समुदायाच्या गरजा लक्षात घेता महाविद्यालयाने कोणते अभ्यासक्रम सुरू करावेत, असे आपणांस वाटते?’ हे वाक्य जमलं तेव्हा मी स्वतःवर खूश झाले होते, हे कबूल करते.

आमचा एक विद्यार्थी एका साठीच्या बाईसमोर उकिडवा बसून तो प्रश्न वाचत होता. एकदा वाचला, दोनदा वाचला, तिसऱ्यांदा कोंकणीत फोड करून सांगितला. तिने आधी फादरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आवाज न चढवता म्हणाली, “बाई, तुमकां कितें येता तें पयलीं सांगात. मागीर सांगूं येता आमकां कितें जाय तें.” तुम्हाला काय येतं ते आधी सांगा, मग आम्हाला काय हवं ते सांगता येईल. मंडपात हशा पिकला. फादरही मोकळेपणाने हसले. मुलाने पेन उचललं आणि फॉर्मवर लिहिलं: उत्तर नाही.

ते ‘उत्तर नाही’ त्यानंतर कितीतरी दिवस माझ्या दाढेत अडकून बसलं.

मी गेली चोवीस वर्षं पाद्रींच्या कॉलेजात मराठी शिकवते. गोव्याबाहेरच्या लोकांना यातली गंमत समजावून सांगावी लागते. घरी आम्ही कोंकणी बोलतो, देवापुढे आरत्या मराठीत म्हणतो, पेपर मराठी वाचतो आणि मी ज्या वर्गात ओवी-अभंग शिकवते तिथे फळ्याच्या वर क्रूस असतो. गोव्यात कॅथलिकांचं असं वेगळं विद्यापीठ नाही. म्हापशाचं सेंट झेवियर्स, नुवेंचं कार्मेल, पिळारचं फादर आग्नेल, नावेलीचं रोझरी अशी कॉलेजं आहेत आणि ती सगळी 1985 साली सुरू झालेल्या गोवा विद्यापीठाला जोडलेली. पण या कॉलेजांच्या आत बसलं की एक वेगळा स्वभाव जाणवतो. शिकवणं संपल्यावर यांचं काम संपत नाही. कुणीतरी सतत कॉरिडॉरमधून येऊन विचारतं, आता गावात काय करायचं? सुरुवातीला मला हे फार मोठेपणाचं वाटायचं. मधली काही वर्षं संशयास्पद वाटलं. आता दोन्ही एकाच वेळी वाटतं, आणि त्याची मला सवय झाली आहे.

संशयाला कारण आमच्या घरातच आहे. आमची कुलदेवी म्हाळसा. ती मूळची दक्षिण गोव्यातल्या साष्टीतली, वेर्णे गावची. सोळाव्या शतकात पोर्तुगीज राजवटीत देवळं पाडली जाऊ लागली तेव्हा तिला जुवारी नदीपलीकडे अंत्रुजेत, म्हणजे आजच्या फोंड्याकडे, म्हार्दोळला नेलं. मंगेश कुठ्ठाळीहून गेला, शांतादुर्गा केळशीहून. आजी हे असं सांगायची की जणू कालच रात्री होडी सुटली आणि तिची ओली दोरी अजून हातात आहे. त्याच वेर्ण्यात 1997 पासून पाद्रे कॉन्सेसांव इंजिनिअरिंग कॉलेज आहे. माझा भाचा तिथे शिकला. पहिला पगार झाला तेव्हा माझ्या आईने त्यातली एक नोट म्हार्दोळला देवीपुढे ठेवली आणि परत येताना गाडीत सहज म्हणाली, “तिच्याच गावात शिकला पोर, तिला कळवायला नको?” आईला यात काहीच विसंगत वाटलं नाही. मी मात्र खिडकीबाहेर जुवारीचं पाणी बघत गप्प बसले होते.

परत आल्यावर समितीच्या बैठका सुरू झाल्या. ‘समुदायाच्या गरजा’ हा शब्दप्रयोग मी इतक्या वेळा ऐकला की त्याचा अर्थ झिजून गुळगुळीत झाला. फॉर्मांचा गठ्ठा मोजला गेला. बायकांनी मागितलं होतं ते असं: पहिला नंबर संगणक, दुसरा शिवण, तिसरा इंग्रजी बोलणं. रंगीत गोल आकृती पडद्यावर आली. सगळे समाधानाने तिच्याकडे बघत होते आणि मला प्रश्न पडला होता की यात गरज किती आणि ऐकीव किती? माणूस जे कुणाकडे तरी पाहिलेलं असतं तेच मागतो. शेजारणीच्या मुलीने संगणकाचा कोर्स केला, म्हणून संगणक. मागच्या वेळी कुणी शिलाई मशीन वाटून गेलं, म्हणून शिवण. दुकानात काय काय ठेवलंय ते न दाखवता गिऱ्हाइकाला ‘काय देऊ?’ विचारलं तर गिऱ्हाईक मीठच मागणार. त्या बाईने नेमकं यावर बोट ठेवलं होतं आणि आमच्या आकृतीत ती ‘प्रतिसाद नाही’ नावाच्या करड्या पाचरीत जाऊन पडली होती.

चहाच्या वेळी मी फादरांना हे सांगितलं. ते हसले नाहीत. फादर तसे अभ्यासू माणूस. म्हणाले, 1990 साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी कॅथलिक विद्यापीठांसाठी ‘एक्स कोर्दे एक्लेसिए’ नावाचा दस्तऐवज काढला. नावाचा अर्थ, चर्चच्या अंतःकरणातून. विद्यापीठाने आपल्या काळाचे आणि भोवतालच्या समाजाचे प्रश्न अंगावर घ्यावेत, शिक्षण भिंतीबाहेर न्यावं, हे त्यात आहे. “पण बाई,” ते बशीत चहा ओतत म्हणाले, “आमच्याकडे हे कागद येण्याच्या आधीपासून चालू आहे. जमशेदपूरला 1949 मध्ये जेझुइट पंथाच्या पाद्रींनी एक्सएलआरआय ही संस्था काढली. पोलादाचं गाव. कामगार आणि व्यवस्थापन समोरासमोर उभे. म्हणून तिथे शिकवायला घेतले ते कामगार-संबंध. आज ती मोठ्या पगाराच्या नोकऱ्यांची शाळा म्हणून ओळखली जाते, ती गोष्ट वेगळी.” मग थांबून म्हणाले, “आणि सुळकर्णे बघा.”

सुळकर्णे मला माहीत होतं. केप्यातलं आडवळणाचं गाव, काजूच्या डोंगरांत दडलेलं. तिथे डॉन बॉस्कोच्या सालेसियन पाद्रींनी 2015 साली कृषी महाविद्यालय काढलं. तोवर गोव्यातल्या मुलाला शेतीची पदवी घ्यायची तर दापोली, धारवाड गाठावं लागे. गोव्याने 1961 नंतर इंजिनिअर, डॉक्टर, फार्मासिस्ट, हॉटेलवाले असे सगळे घडवले. नांगर धरणाऱ्यांच्या पोरांना शेतीच शिकवावी, हे सुचायला अर्धशतकाहून जास्त काळ गेला. पण मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. सुळकर्ण्याला सालेसियनांची शेती कॉलेजच्या कितीतरी आधीपासून होती. गुरं होती, नारळ होते, भाजी होती. हातांना चिखल लागून बरीच वर्षं झाल्यावर वर्ग भरला. तिथे कुणी विचारलं असतं, ‘तुमकां कितें येता?’, तर उत्तर द्यायला बांधावर जाऊन बोट दाखवलं असतं तरी चाललं असतं.

आमच्याकडे बोट दाखवायला काय होतं? ग्रंथालय. दोन प्रयोगशाळा. एक सभागृह, ज्यातला एसी पावसाळ्यात गळतो.

जुन्या गोव्यात जेझुइटांच्या सेंट पॉल कॉलेजची आता एक कमानच तेवढी रस्त्याकडेला उरली आहे. मागे झाडोरा, पुढे गाड्या. बरेच लोक ती न बघताच पुढे जातात. मी विद्यार्थ्यांना दर वर्षी तिथे नेते. याच कॉलेजात 1556 साली छापखाना आला, भारतातला पहिला. खरं तर तो आपल्याकडे यायचाच नव्हता. अबिसिनियातल्या, म्हणजे आजच्या इथिओपियातल्या, मिशनसाठी निघालेला, गोव्यात अडकला आणि इथेच राहिला. त्यावर पहिल्यांदा छापलं गेलं ते कॉलेजातल्या मुलांच्या वादविवादासाठीचं टिपण. म्हणजे दुसऱ्याच खंडाची गरज भागवायला निघालेलं यंत्र इथे उतरलं आणि त्याने आधी स्वतःच्या वर्गाची गरज भागवली. आजूबाजूच्या गावांना काय हवं होतं हे कुणी विचारलं असण्याची शक्यता नाही. त्या काळात गावांना मुख्यतः एकच गोष्ट हवी असणार, की आमचं आहे ते तसंच राहू द्या.

आणि तरी त्याच पंथातला एक माणूस मला सोडत नाही. थॉमस स्टीफन्स, इंग्लंडचा जेझुइट, 1579 मध्ये गोव्यात उतरला, आयुष्याची उरलेली वर्षं बहुतेक साष्टीत काढली, भाषा शिकला आणि 1616 साली त्याचं जवळजवळ अकरा हजार ओव्यांचं क्रिस्तपुराण रायतूरला छापलं गेलं. देवनागरीचे खिळे नव्हते म्हणून मराठी रोमन अक्षरांत छापली. हे सगळं मी दर वर्षी शिकवते आणि त्याने मराठीची जी स्तुती केली ती ऐकताना मुलांचे चेहरे उजळतात. पण त्याच्या प्रस्तावनेतली एक साधी गोष्ट मी आजवर घाईने ओलांडत आले होते. शुद्ध मराठी सामान्य लोकांना कळत नाही, म्हणून आधीच्या कवींचे अवघड शब्द टाकून ठिकठिकाणी इथल्या बोलीतले सोपे शब्द मिसळले, असं तो सांगतो. सदतीस वर्षं कान देऊन बसल्यावर केलेली ती तडजोड होती. त्याच्या हेतूविषयी मला काही शंका नाही, त्याला लोक बाटवायचेच होते. आमची म्हाळसा ज्या साष्टीतून गेली त्याच साष्टीत बसून तो लिहीत होता. तरीही ऐकणं हा गुण त्याच्याकडे होता, आणि तो गुण पुढे सत्तेकडे उरला नाही. 1684 मध्ये हुकूमच निघाला की तीन वर्षांच्या आत लोकांनी आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावं. तीन वर्षं! माझ्या पदवीच्या वर्गातल्या मुलाला तेवढ्या काळात ऱ्हस्व-दीर्घ जमत नाही.

हे असं सगळं डोक्यात घेऊन मी समितीच्या पुढच्या बैठकीला गेले आणि अर्थातच काही बोलले नाही.

बोलली ती सिस्टर. सिस्टर मूळची नर्स. कमी बोलते आणि बोलते तेव्हा खिडकीबाहेर बघत बोलते. म्हणाली, माझ्या पॅरिशमधली निम्मी घरं बंद आहेत आणि उरलेल्या निम्म्यांत एकेक म्हातारं माणूस आहे. मुलं आखातात, बोटीवर, किंवा पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडात. पैसे येतात, माणूस येत नाही. रात्री बाथरूममध्ये पडलं तर सकाळी पोदेर पाव घेऊन येईपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही. घरात राहून सेवा करणारं, रक्तदाब बघणारं, गोळ्या चुकवू न देणारं माणूस हवं आहे. हे एकाही फॉर्मवर नव्हतं. असणार कसं? ज्यांची ही गरज होती त्यांना सभामंडपात येऊन बसताच आलं नसतं. पण इथे एक फरक होता. सिस्टरला हे काम येत होतं. वीस वर्षं तिने हातांनी केलं होतं.

अभ्यासक्रम उभा राहिला तो तिच्या त्या दहा मिनिटांच्या बोलण्यातून. मग नेहमीचं सुरू झालं. तात्त्विक भागाला पंधरा तासांचं एक क्रेडिट, प्रात्यक्षिकाला तीस तासांचं. प्रमाणपत्रावर कुणाची सही, फी किती, वृद्धाश्रमात किती दिवस, अभ्यास मंडळापुढे कधी ठेवायचा, कॉलेजांचा दर्जा तपासणाऱ्या ‘नॅक’च्या पुढच्या भेटीत हे कुठल्या रकान्यात दाखवायचं. या शेवटच्या प्रश्नावर सगळ्यात जास्त वेळ गेला. त्याबद्दल मी कुणाला दोष देत नाही. रकाना सापडला नाही तर काम केलंच नाही असं मानणाऱ्या जगात आम्ही सगळेच पगार घेतो. माझ्या वाट्याला पुस्तिका आली. मुली गावातल्या, मराठी माध्यमात प्राथमिक शाळा शिकलेल्या, त्यांना हातात धरायला चाळीस पानं मराठीत हवी होती.

मी मन लावून लिहिलं. कोश उघडून बसले. शय्याव्रण, निर्जंतुकीकरण, मलमूत्रविसर्जन, उच्च रक्तदाब. पहिल्या दिवशी सिस्टरने माझी पुस्तिका वर्गात वाचायला घेतली तेव्हा मी मागच्या बाकावर होते. अठरा-वीस मुली आणि बायका, नव्या वह्या, छत्र्या भिंतीला टेकवलेल्या. ‘शय्याव्रण’ला गाडी अडली. सिस्टरने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “बाई, हें कितें?” मी समजावू लागले, एकाच कुशीवर खूप दिवस पडून राहिलं की पाठीला, टाचांना... तेवढ्यात पुढच्या बाकावरची एक मुलगी सहज म्हणाली, “पाठ सोलता तें.” वर्गाने हं केलं. सगळ्यांना कळलं. एकीने लगेच आपल्या सासऱ्याची पाठ कशी सोलली होती आणि नारळाचं तेल लावून कसं काही झालं नव्हतं ते सांगितलं. मलमूत्रविसर्जनाशी आल्यावर तर हसू आवरेना. कारण त्या कामाला प्रत्येकीकडे घरचा शब्द होता, आणि तो शब्द पुस्तकात छापता येईल हे त्यांना पटत नव्हतं. छापला. पहिली पुस्तिका रद्दीत गेली. दुसरी मी वर्गात बसून, त्यांनी सांगितलेलं उतरवून काढत लिहिली. तिच्या शेवटी दोन पानं जोडावी लागली, ती कुणाच्याच डोक्यात नव्हती: जुन्या ख्रिस्ती घरांतले शब्द. आपण खुर्ची म्हणतो, तिथे कादेर. चमचा म्हणजे कुलेर, पेला म्हणजे कोप, रुमाल म्हणजे लेंस, खिडकी म्हणजे जनेल. तापात अर्धवट शुद्धीत असलेली म्हातारी रात्री दोन वाजता ‘जनेल’ म्हणाली तर मुलीला उठून खिडकी लावता आली पाहिजे. साष्टीतला तो इंग्रज हे वाचून हसला असता, असं मला उगाच वाटून गेलं.

भाषेचा विषय निघालाच आहे तर एक आठवण. 1990 मध्ये सरकारने ठरवलं की अनुदान स्थानिक भाषेतल्या प्राथमिक शाळांनाच, तेव्हा चर्चच्या शाळा इंग्रजीवरून कोंकणीवर आल्या. 2011 मध्ये पालकांच्या रेट्याने त्या पुन्हा इंग्रजीकडे वळल्या आणि अनुदानही मिळालं. त्या पावसाळ्यात मोर्चे निघाले, मीही एका मोर्चात होते. समाजाची गरज कुणी सांगायची? पालक म्हणत होते इंग्रजी. आम्ही भाषेची माणसं म्हणत होतो, तुम्हाला काय हवं ते तुम्हाला कळत नाही. मोर्चातून घरी येऊन मी मुलीचा इंग्रजीचा गृहपाठ घेतला होता. हे मी आजवर कुठे लिहिलं नव्हतं.

‘पाठ सोलता तें’ म्हणणारी मुलगी त्या सभामंडपातल्या बाईची सून निघाली. हे मला महिनाभराने कळलं. मग एका रविवारी मी एकटीच त्यांच्या घरी गेले. फॉर्म नव्हता, विद्यार्थी नव्हते. घर खाजनाच्या काठाला, मागे नारळ, पुढे भात. खाजन म्हणजे खाडीच्या पाण्यातून बांध घालून काढलेली जमीन. मानशीची, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या वाटेची, लाकडी दारं भरतीच्या पाण्याने आपसूक मिटतात आणि ओहोटीला उघडून आतलं पाणी बाहेर सोडतात. हे तंत्र कित्येक शतकांचं आहे आणि त्याला ना वीज लागते ना पगार. तिथे पिकतो तो कोरगुट, खारं सोसणारा भात. सभामंडपातल्या त्या बाईने, आता ती माझी मावशी, मला बांधावरून चालवत नेलं. एका ठिकाणी बांध खचला होता. त्यातून खारं पाणी आत शिरत होतं आणि तेवढ्या कुणग्यातला, म्हणजे शेताच्या तुकड्यातला, भात पिवळा पडला होता. “तुमच्या कॉलेजांत बांध घालपी कोण आसा?” तिने विचारलं. मी म्हटलं, नाही. “मानस दुरुस्त करपी?” नाही. ती थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली. चेष्टा नव्हती त्या बघण्यात. वाण्याच्या दुकानात एखादी वस्तू नसली तर आपण दुसऱ्या फळीकडे बघतो, तसं.

मग मला केमिस्ट्रीची लॅब आठवली. पाण्यातला, मातीतला खारेपणा मोजता येतो, एवढं मी म्हणाले. पुढच्या आठवड्यात केमिस्ट्रीचे सर आणि चार मुलं मीटर घेऊन आली. सात कुणग्यांतलं पाणी बाटल्यांत भरलं. मावशी प्रत्येक बाटलीत बोट बुडवून जिभेला लावायची आणि सांगायची: हें बरें, हें मध्यम, हांतूं कांय जावचें ना. मुलं मागून मीटर लावायची. सातातले सहा जुळले. सातव्यावर सर आणि मावशी यांच्यात जो वाद झाला तो अजून मिटलेला नाही. सर म्हणतात मीटर बरोबर, मावशी म्हणते बाटली आधी नीट धुतली नव्हती. त्या मुलांतली एक जण आता दर अमावास्येला तिथे जाते, उधाणाच्या पाण्याची नोंद ठेवायला. याला क्रेडिट नाही. प्रमाणपत्र नाही. बांध तर अजून खचलेलाच आहे.

सुनेला मात्र काम लागलं. दोन गावं पलीकडे एका थोरल्या घरात, पुढे बलकांव म्हणजे बसायचा ओटा असलेल्या. तिथली बाय नव्वदीची, मुलगा कॅनडात. बारा तासांची पाळी, पगार बरा. फादरांनी वार्षिक अहवालात तिचा फोटो टाकला. पांढऱ्या गाऊनमध्ये, हातात रक्तदाबाचं यंत्र. फोटो छान आहे. त्यात न दिसणारं असं की तिचं तीन वर्षांचं पोर दिवसभर मावशीकडे असतं आणि मावशीला त्याला काखोटीला मारून खाजनात जाता येत नाही. एका घरातली गरज भागली आणि दुसऱ्या घरात एक नवी उभी राहिली. मी हे बैठकीत बोलले तेव्हा कुणीतरी उत्साहाने म्हणालं, मग पाळणाघराचा कोर्स काढूया! सिस्टर खिडकीबाहेर बघत होती.

तरीही मला तो कोर्स बंद पडायला नको आहे. एकदा सुनेबरोबर त्या थोरल्या घरी गेले होते. दुपारची वेळ, पडदे ओढलेले, भिंतीवर क्रूसाखाली विजेचा लाल दिवा. म्हातारीचा हात हिच्या हातात होता आणि ही तिची नखं कापत होती, एकेक बोट उचलून, हळू. म्हातारी रोझरी म्हणत होती आणि मध्येच थांबून हिला विचारत होती, “चवथीक घरा वतली मगो तूं?” चवथीला घरी जाशील ना तू? मी पाहुणी, मला कादेर दिली होती. तिच्यात बसून मी माझ्या पुस्तिकेची शेवटची दोन पानं मनात चाळत होते.

यंदा चवथीच्या आदल्या दिवशी म्हापशाचा बाजार नेहमीसारखा तुंबला होता. पाऊस थांबून थांबून पडत होता. माटोळीवाल्या बायका रस्त्याच्या दोन्ही कडांना गोणपाटं पसरून बसल्या होत्या. गणपतीच्या डोक्यावर बांधायची ती रानातली सगळी श्रीमंती: कवंडाळं, कांगणां, तोरंजनं, आंबाडे, सुपारीचे घोस. माझ्या मुलीच्या पिढीला यातली चार नावं येतात. मला पंधरा येत असतील. गर्दीतून पुढे सरकताना कुणीतरी “बाई!” म्हणून हाक मारली. मावशी. शेजारी टोपलीत नातू झोपलेला, त्याच्यावर अर्धी छत्री. मी नेहमीच्या चार-पाच वस्तू उचलल्या, तिने त्या केळीच्या सोपाने बांधल्या. मग गाठ मारता मारता मान वर करून विचारलं, “माटोळेक आनीक कितें जाय?”

मी पिशवी खाली ठेवली.

“तुजेकडेन कितें कितें आसा?”

तिने नातवाची टोपली जरा बाजूला सरकवली आणि मागचं, अजून न सोडलेलं गोणपाट पुढे ओढलं.